कोणाचो रे तू

वेंगुर्ल्याच्या आमच्या शाखेत, खाऱ्या हवेपुढे
कुठलीच चिकटपट्टी फार दिवस टिकत नाही.
'ओटीपी कोणालाही सांगू नका' हा कागद
यंदा मी चौथ्यांदा चिकटवला.
चौथ्यांदा हात थरथरला.
का, ते शाखेत कोणाला माहीत नाही.

शुक्रवार होता. चार चाळीस. कॅश जुळलेली.
ईमेलवर आमच्याच बँकेचं बोधचिन्ह,
खाली 'पगारातील फरक, आजच खात्री करा'.
पत्त्यात एक अक्षर जास्त होतं,
एवढंसं, तांदळातल्या खड्यासारखं.
आणि मी, पाच पैशांच्या फरकासाठी
रात्री आठपर्यंत वह्या उपसलेला माणूस,
पासवर्ड टाकून मोकळा झालो.
एकेचाळीस हजार दोनशे. तीन वेळा मिळून गेले.
पहिला मेसेज आला तेव्हा मी चहा फुंकत होतो.

एकोणीसशे तीस. हा नंबर लगेच लावायचा असतो.
पाठ आहे मला, मीच लोकांना सांगतो.
मी तो तिसऱ्या दिवशी लावला,
बंदराच्या टोकाला जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून.
घरी म्हटलं, एका मित्राला नड होती.

आज सत्यभामा केळुसकर आली. आसोलीची.
सुरंगीचे वळेसार विकते ती;
तिच्या नोटा मोजताना बोटांना वास लागतो.
काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणाली,
"भाऊ, तुमच्या माणसाक मी वायट बोललंय.
माझा खाता बंद करशात काय?

फोन इलो. म्हणता, हेड ऑफिसातसून बोलतंय.
मी विचारलंय, कोणाचो रे तू?
म्हणता, बँकेचा.
बँक तुझी आवस काय बापूस?
वाडी खयची? जत्रेक खयच्या देवळात जातस?
तर म्हणता, मॅडम, धाच मिनटां आसत, नंबर सांगा.
धा मिनटां! अरे, सुरंगीची कळी काढूक
पोरगो झाडार चढता, तो सुदिक घाई करणा नाय.
शेवटाक त्याणाच फोन ठेवल्यान.
आता सांगा, माझा काय चुकला?"

आमच्याकडे पाणंदीतून जाणाऱ्या अनोळख्याला
आधी पाणी देतात, मग हा प्रश्न,
आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडत नाहीत.
कॉलेजात असताना मला याची लाज वाटायची.
बाहेरगावचे मित्र आले की मी पुढे धावायचो,
कोणी काही विचारायच्या आत.

त्या शुक्रवारी एवढंच करायचं होतं.
उठायचं, चार पावलं, मॅनेजरचं टेबल,
साहेब, हे पत्र कोणाचं?
चहा निवला असता, बस.

तिला म्हटलं, काही चुकलं नाही तुमचं.
आणि मग, का कोण जाणे, म्हटलं,
"माझे गेले."
"कितके?"
सांगितले. ती काही बोलली नाही.
मीच मनात भागाकार केला, वीस रुपयाला एक,
दोन हजार साठ वळेसार.
मागे रांगेत कोणीतरी खाकरलं.
"घराकडे सांगितलंस?"
"नाही."
पासबुक पिशवीत घालताना ती म्हणाली,
"मगे तो फोन अजून चालूच आसा."

संध्याकाळी कडी वाजवली.
आतून रोजच्यासारखं, "कोण?"
"मी" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो.
मी काय, तोही म्हणाला असता.

"परुळेकरांचा विश्राम," म्हटलं.
आत भांड्यांचा आवाज थांबला.
"दार उघड. एक सांगायचं आहे.
सावकाश."